व्यायाम चालू, गुडघा सुजलेला आणि काटा जागेवरच: सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. वजन ८५ किलो, दोन्ही गुडघे दुखतात, कंबरेतून पायात कळ जाते, चार महिने आठवड्यातले पाच दिवस खुर्चीत बसून अर्धा तास व्यायाम, मधूनच जोर करून चालायला जाता, मग गुडघा सुजतो आणि आठवडा वाया. वजन जिथल्या तिथे. मीही याच दुखण्यातून गेले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. जिना चढताना छातीत दुखणं किंवा विचित्र दम लागणं, एकाच पोटरीला सूज, गरम लाल गुडघा आणि सोबत ताप, गुडघा मध्येच अडकून सरळ न होणं, यातलं काहीही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. कंबरेच्या दुखण्यात जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

काटा का हलत नाही, याचा हिशोब सोपा आहे. बसून केलेल्या व्यायामाला, जरा जोरात केला असं धरून, नुसतं बसण्याच्या तिप्पट ऊर्जा लागते असं समजू. ८५ किलोच्या माणसाचे अर्ध्या तासात जास्तीचे साधारण ८५ कॅलरी खर्च होतात. पाच दिवसांचे सव्वाचारशे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे किलोभर चरबी जायला १८ आठवडे, तेही खाणं कणभरसुद्धा वाढलं नाही तर. तुमचे चार महिने तेवढेच झालेत. शरीरातलं पाणी रोज एक-दीड किलो इकडे-तिकडे होतं, त्यात हा एक किलो दिसणारच नाही. तुम्ही आळशीही नाही आणि तुमचं शरीर बिघडलेलंही नाही, आकडेच तसे आहेत.

याचा पुरावा हवा असेल तर २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. गुडघ्याची झीज असलेले, ५५ च्या पुढचे, वजन जास्त असलेले ४५४ जण, १८ महिने. फक्त व्यायाम करणाऱ्या गटाचं वजन सरासरी १.८ किलोने उतरलं, फक्त आहार बदलणाऱ्यांचं ८.९ किलोने, दोन्ही करणाऱ्यांचं १०.६ किलोने. आणि वेदना व हालचाल यांत दोन्ही करणारा गट सगळ्यात पुढे होता. म्हणून माझं ठाम मत: वजन उतरवायचं काम जेवणाकडे द्या आणि व्यायामाला पाय मजबूत करायच्या कामाला लावा. एकाच व्यायामाकडून दोन्ही मागितलं की माणूस जास्त करायला जातो आणि गुडघा घालवून बसतो.

आता ज्या गोष्टीने माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ती सांगते. ज्या दवाखान्यात मी जात होते तिथे गुडघ्याला हातही न लावता एक छापील कागद हातात दिला जायचा. रोज ४५ मिनिटं भरभर चालणे, उठाबशा, जिने. आणि वर एक वाक्य, 'वजन कमी करा, गुडघे आपोआप बरे होतील.' ज्याला चालताच येत नाही त्याला चालून वजन कमी करायला सांगायचं! किती, कुठून सुरुवात, दुखलं तर काय, सूज आली तर काय, यातलं एक अक्षर नाही. परत गेलं की 'तुम्ही नियमित करत नाही' हे ऐकायचं. असा कागद अजूनही कित्येकांच्या हातात असेल, म्हणून राग येतो.

त्या कागदाने नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्या. सांध्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जातंतूंकडून मिळणारा हुकूम आपोआप कमी होतो. तुम्ही कितीही जोर लावा, स्नायू पूर्ण आवळतच नाही. त्यासाठी दुखायलाच हवं असंही नाही, नुसती सूज पुरते. हा स्नायू पाऊल टेकताना बसणारा धक्का झेलतो. तो ढिला पडला की धक्का थेट सांध्यावर. म्हणजे जबरदस्तीने चाललात, गुडघा सुजला, मांडी झोपली, चार दिवस आराम केलात, मांडी आणखी बारीक झाली, पाचव्या दिवशी पुन्हा तेवढंच चाललात, पुन्हा सूज. प्रत्येक फेरीत पाय आधीपेक्षा कमजोर. नियमितपणा वाढवून हे सुटत नाही, मात्रा कमी करूनच सुटतं.

मात्रा ठरवायची कशी? दुखणं ० ते १० मध्ये मोजा. व्यायाम करताना २ पर्यंत असेल तर चालू ठेवा. ३ ते ५ चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलंच पाहिजे. ५ च्या वर गेलं की तो प्रकार त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशीची सकाळ ही खरी परीक्षा. अंथरुणातून उठण्याआधी पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध टेपने गुडघ्याचा घेर मोजा आणि लिहून ठेवा. सेंटिमीटरभर वाढला, किंवा वाटीच्या आतल्या बाजूची खोलगट जागा भरून आल्यासारखी दिसली, तर काल जास्त झालं. तरी सगळं बंद करू नका. आकडे निम्म्यावर आणा, शेवटी वाढवलेला प्रकार काढा आणि मांडी आवळण्याचा व्यायाम मात्र चालू ठेवा.

तो असा. पाय लांब करून बसा किंवा आडवं व्हा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, मांडी आवळून गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा, ५ सेकंद धरा, सोडा. १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बोटं वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवा. तिथला स्नायू टणक झाला पाहिजे. नुसता कुल्ला आवळला जात असेल तर उपयोग नाही. हे जमलं की सरळ पाय उचलणे: दुसरा गुडघा दुमडलेला, आधी मांडी आवळायची, मग टाच वीतभर वर. उचलताना गुडघा वाकला तर तो आकडा मोजू नका, तेव्हा काम जांघेच्या स्नायूने केलेलं असतं. तुमची कळ पायात उतरते म्हणून सांगते, पाय उचलताना ती वाढत असेल तर हा प्रकार सोडा, टॉवेलवरच राहा. जमिनीवरून उठताना त्रास होत असेल तर जमिनीवर बसूच नका, कडक गादीचा पलंग चालतो.

सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणे आणि बसणे. चाकं नसलेली खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली, पायात मोजे नकोत कारण घसरतं. बैठकीवर दोन घट्ट उशा किंवा घडी केलेल्या चादरी ठेवा, इतक्या की बसल्यावर खुबे गुडघ्यांच्या वर राहतील. बैठक जितकी खाली तितका गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो, म्हणून सोफ्यावर हा व्यायाम करू नये. पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. धड पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठा. दोन आकडे मोजत वर, चार मोजत खाली. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम फुकट, कारण खाली येतानाही मांडीला काम पडतं. सुरुवातीला हातांनी आधार घेतला तरी चालतो. गुडघे एकमेकांकडे कलत असतील तर आकडा कमी करा, कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कच्चे आहेत. त्यासाठी कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडायचा, १० वेळा.

५ ते ८ वेळा, दोन सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती, एक दिवसाआड. दोन आठवडे सकाळची परीक्षा पास होत राहिली आणि १० वेळा सहज व्हायला लागले की एक उशी काढा. आकडा आणि उंची एकाच आठवड्यात बदलू नका, नाहीतर सूज कशाने आली ते कळणार नाही. उठाबशा मात्र विसरा. दुखऱ्या गुडघ्याला पूर्ण खाली बसण्यातून असं काही मिळत नाही, जे उंच खुर्चीवरून मिळणार नाही.

दम वाढवण्यासाठी बसल्या जागी पाय आपटत चालणे आणि हवेत ठोसे मारणे पुरेसे आहेत. एकदम अर्धा तास करण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका वेळी किमान १० मिनिटांची जुनी अट काढून टाकली आहे, म्हणजे तीन-तीन, पाच-पाच मिनिटंही आठवड्याच्या बेरजेत धरली जातात. बेरीज १५० मिनिटांपर्यंत जावी आणि दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम असावा, हे अंतिम लक्ष्य. पहिल्या महिन्याचं नाही. वेग इतका असावा की बोलता येईल पण गाता येणार नाही. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नका, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर मुळीच नाही, त्या गोळ्यांनी नाडी दबलेली राहते. हातांच्या व्यायामात रक्तदाब पायांच्या व्यायामापेक्षा लवकर चढतो, म्हणून तुकडे लहान ठेवा आणि श्वास कोंडून धरू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर उतरण्याचा धोका आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

व्यायामासाठी रबरी पट्टा घेणार असाल तर एक पथ्य. ताणण्याआधी प्रत्येक वेळी कडा बघा. बारीक चीर दिसली की फेकून द्या, तो तुटून डोळ्यावर बसतो. दारात अडकवायचा तर दार तुमच्यापासून दूर उघडणारं हवं आणि कडी लावलेली हवी, म्हणजे ओढलं की ते चौकटीत आणखी घट्ट बसतं.

आता खाणं. इथे मी तक्ते देणार नाही. एकच गोष्ट करा, दोन आठवडे तेल चमच्याने मोजून वापरा. लहान चमचाभर, म्हणजे ५ मिली तेलात ४० कॅलरी असतात. स्वतःच्या वाट्याचे चार चमचे कमी झाले की दिवसाला १६० कॅलरी वाचल्या, म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाच्या व्यायामाच्या जवळपास दुप्पट, आणि गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या, वजन उतरताना स्नायूही उतरतो आणि तुम्हाला तोच वाचवायचाय. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारा. उपाशी राहून झटपट उतरवणं मला अजिबात पटत नाही, त्यात मांडीही बारीक होते.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी. रोजच्या आकड्याकडे बघून मन खट्टू करून घ्यायचं नाही, सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून बघायची. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरतात, पहिले दोन-तीन आठवडे काटा वरही जाऊ शकतो. पोटाचा घेर आठवड्यातून एकदा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

आणखी एक, आणि हे मला त्या दवाखान्यात कुणीही विचारलं नव्हतं. तुम्ही लिहिलंय की कंबरेच्या कळेसाठी गोळी चालू आहे. तिच्यात प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन आहे का ते वेष्टनावर बघा. तिन्हींनी वजन वाढू शकतं. स्टिरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही तसंच करतात. स्वतःहून बंद मात्र करू नका. यातली बरीच औषधं एकदम सोडली तर त्रास होतो, स्टिरॉइड तर धोकादायक. गोळी सुरू झाल्याची तारीख आणि त्या आधीचं-नंतरचं वजन एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. पर्याय आहे का, डोस कमी होईल का, एवढं विचारा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर त्याच भेटीत करून घ्या. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग असेल तर तेही सांगा.

आणि तोवर बाहेर जावंच लागलं तर काठी घ्या, लाज बाळगू नका. जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण दुखऱ्याच बाजूला धरतात आणि मग उपयोग होत नाही म्हणून कोपऱ्यात टाकून देतात. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, आणि दुखरा पाय व काठी एकाच वेळी पुढे टाकायची.