दीर्घिकांचे ‘विलीनीकरण’ की ‘विलीनीभवन’?

प्रश्न असा आहे: अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बिणींतून केलेल्या दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारासमूहांच्या, निरीक्षणांविषयी लिहिताना एकाच घटनेला कुठे ‘दीर्घिकांची टक्कर’ तर कुठे ‘दीर्घिकांचे विलीनीकरण’ म्हटलेले आढळते; यांपैकी योग्य काय, आणि ‘अवरक्त’ या शब्दात ‘रक्त’ कशासाठी?

‘टक्कर’ या शब्दावर नेहमीचा आक्षेप असा की, दीर्घिकांमधील ताऱ्यांची परस्परांपासूनची अंतरे त्यांच्या आकाराच्या मानाने इतकी प्रचंड असतात की दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी तारे जवळजवळ कधीच एकमेकांवर आदळत नाहीत. ताऱ्यांपुरता हा आक्षेप खरा आहे, पण दीर्घिकेत वायूचे विस्तीर्ण मेघही असतात आणि ते मात्र खरोखर आदळतात, दाबले जातात व त्यांतून नवे तारे वेगाने जन्मू लागतात. या कोवळ्या ताऱ्यांचा प्रकाश भोवतीची धूळ शोषून घेते, तापते आणि ती ऊर्जा अवरक्त प्रारणाच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या) रूपाने बाहेर टाकते. हस्त तारकासमूहातील ‘अँटेनी’ नावाने ओळखली जाणारी जोडी, म्हणजे ‘एनजीसी’ या खगोलीय सूचीतील ४०३८ आणि ४०३९ क्रमांकांच्या दीर्घिका, याचे उत्तम उदाहरण आहे: दोन्ही दीर्घिका जिथे एकमेकींवर आल्या आहेत, तिथे दृश्य प्रकाशात धुळीचे काळपट पट्टे दिसतात आणि अवरक्तात मात्र त्याच भागातून प्रखर तेज येते. तेव्हा वायुमेघांविषयी बोलताना ‘टक्कर’ म्हणण्यात काहीच चूक नाही.

‘विलीनीकरण’ची अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘-ईकरण’मध्ये कोणीतरी करणारा गृहीत असतो, संस्थानांचे विलीनीकरण झाले ते कोणीतरी केले म्हणून, रस्त्याचे रुंदीकरणही तसेच. आपसूक घडणाऱ्या बदलासाठी ‘-ईभवन’ आहे, म्हणूनच आपण बाष्पीभवन, घनीभवन म्हणतो. दीर्घिका स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने एकत्र येतात, त्यामुळे ‘विलीनीभवन’ हा शब्द व्याकरणाला धरून होईल. ‘वाळवंटीकरण’सारखे शब्द पाहता हा भेद मराठीत सर्वत्र काटेकोरपणे पाळला जात नाही, हे मान्य, तरीही जिथे शब्द नव्याने घडवायचा आहे तिथे तो पाळावा, असे माझे मत आहे.

अर्थाची आणखी एक छटा उरते. नदी सागरात विलीन होते, सागर नदीत होत नाही. लहान दीर्घिका मोठीत सामावते तेव्हा ‘विलीन’ हा शब्द चपखल बसतो. तुल्यबळ दीर्घिका एकत्र येतात तेव्हा मात्र दोघींचेही मूळ रूप मोडते, आणि तिथे मी ‘दोन दीर्घिका एकजीव होत आहेत’ असे लिहीन. ‘होत आहेत’ हा अपूर्ण काळ त्यात मोलाचा आहे. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘आर्प २२०’ या दीर्घिकेचे अंतरंग धुळीने झाकलेले आहे, अवरक्तात पाहिले की त्यात सुमारे १,२०० प्रकाशवर्षांच्या अंतरावर दोन वेगवेगळी केंद्रके (मूळ दीर्घिकांचे दाट मध्यभाग) आढळतात, म्हणजे हे एकजीव होणे अजून पुरे झालेले नाही.

आता ‘अवरक्त’. यातले ‘रक्त’ म्हणजे संस्कृतातील तांबडा रंग, जो रक्तचंदन आणि आरक्त या शब्दांत आहे. ‘अव’ म्हणजे खाली, जसे अवतरणे, अवरोह. या प्रारणाची तरंगलांबी तांबड्याहून जास्त असली तरी वारंवारता तांबड्याच्या खाली असते, म्हणून ‘अव’ योग्यच आहे. मात्र ‘अवरक्त दीर्घिका’ म्हणताना रंग अभिप्रेत नसतो. १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरास’ या उपग्रहाच्या सर्वेक्षणातून अवरक्तात एक लाख कोटी सूर्यांहून अधिक तेजाने झळकणाऱ्या दीर्घिकांचा एक वर्गच उजेडात आला, आणि त्यांतील बहुतेक परस्परांत मिसळणाऱ्या निघाल्या. तिथे ‘अवरक्त’ हे विशेषण दीर्घिका आपली बहुतांश ऊर्जा कोणत्या प्रारणातून बाहेर टाकते ते सांगते. दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात, त्या सरकण्यासाठी ‘ताम्रसृती’ हा निराळा शब्द आहे. तो ‘अवरक्त’च्या जागी वापरू नये.