निरी, चुणी, पेड आणि पीळ

प्रिय चिऊ,

तू विचारलंस की इंग्रजीत ‘फोल्ड’ आणि ‘ब्रेड’ या दोन शब्दांत सगळं भागतं, मग आजी फोनवर घडी, निरी, चुणी, पेड, वेणी, अंबाडा असे इतके शब्द का वापरते? आणि ‘वेणी केली’ म्हटलं की ती ‘घातली’ असं का सुधारते? गणपतीला साडी नेसायची आहेस, तर हे आत्ताच सांगते.

मराठीत कापड कसं दुमडलंय यापेक्षा ते कुणी, कशासाठी दुमडलं यावर शब्द ठरतो. कपाटात ठेवायला दुमडलं की ती घडी. अंगावर नेसताना हाताने एकावर एक रचलं की निरी. दोरा ओढून कापड गोळा केलं की चुण्या. आणि कुणाला नको असताना पडली ती सुरकुती. निरी मुद्दाम पाडलेली असते, सुरकुती आपोआप पडते, म्हणून इस्त्री सुरकुत्यांवर फिरवायची, निऱ्यांवर नाही.

नवी साडी पहिल्यांदा नेसतात त्याला ‘घडी मोडणे’ म्हणतात. कुणी तुला नवी साडी देऊन ‘घडी मोड’ म्हणालं तर तो मान आहे, संकोच करू नकोस.

आता निऱ्या. सहावारी साधारण साडेपाच मीटर असते. सँडल आधी घाल, मग परकराची नाडी घट्ट बांध. नाडी सैल राहिली की निऱ्यांच्या वजनाने सगळंच खाली सरकतं. आतलं टोक उजवीकडे खोचून डावीकडून एक फेरा घे, मग पदर खांद्यावर लावून त्याची लांबी आधी ठरव. पुढे उरलेल्या कापडाच्या निऱ्या पाडायच्या: अंगठा आणि करंगळी ताणून तेवढ्या अंतरावर कापड मागे-पुढे दुमडत जायचं. हात लहान असेल तर पाच इंच धर. सहा-सात निऱ्या होतात. सर्वांत वरची इतरांपेक्षा बोटभर जास्त रुंद ठेव, म्हणजे आतल्या झाकल्या जातात. मग वरचे काठ जुळवून, निऱ्यांची तोंडं डावीकडे येतील अशा बेंबीच्या किंचित डावीकडे खोच. बहुतेकींचं इथेच चुकतं: वर जुळलेलं असतं, पण खाली आतल्या निऱ्या लोंबतात. त्यासाठी एका मैत्रिणीला खाली बसव. ती एकेक निरी खालून ओढून सरळ करेल, तू वरून धरून ठेव. रेशमी साडीला पिन लावायचीच तर सगळ्या निऱ्या एकत्र घेऊन खोचलेल्या भागाच्या आतून लाव. एकाच निरीला लावलीस तर ताण त्या एका जागी येऊन रेशीम फाटतं.

नऊवारीत कापड सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं, आणि परकर लागत नाही. निऱ्यांचा मधला काठ पायांमधून मागे नेऊन खोचला की झाला काष्टा. तो खोचल्यावर एकदा उकिडवी बसून बघ. तेव्हा ताण आला तर जेवायला बसल्यावर सुटणारच. कंबरेशी कापडाचा पीळ देऊन खोचलेला भाग म्हणजे कनवट. पूर्वी पैसे तिथेच असायचे, म्हणून पैसे जवळ ठेवून घेण्याला ‘कनवटीला लावणे’ म्हणतात.

चुण्या शिंप्याच्या. परकर-पोलक्यातल्या परकराला लागतात: लांब टाक्यांच्या दोन समांतर टिपा घालून दोरा ओढायचा. कंबर साठ सेंटिमीटर असेल तर दीडशेचा घेर छान पडतो. एकच टीप घातली तर चुण्या एका बाजूला गोळा होतात.

केसांत मात्र पेड मोजायचे. पेड म्हणजे वळायला घेतलेली एकेक बट, आणि सगळे वळून झाले की वेणी. तीन असले की तिपेडी, पाच असले की पाचपेडी. टोकाकडून वर गुंता काढत ये. मुळापासून विंचरलंस तर गाठी खाली जाऊन घट्ट होतात. मग बाहेरचा पेड मधल्यावर, एकदा उजवा, एकदा डावा. पाचपेडीला उजवीकडचा शेवटचा पेड शेजारच्यावरून आणि पुढच्याच्या खालून मध्यावर आणायचा, मग तसंच डावीकडून. खाली येताना एक पेड बारीक व्हायला लागला तर समज की सुरुवातीलाच तो कमी घेतला होता. उलगडून परत घे, मधेच केस उसने घेतलेस तर वेणी वाकडी होते. ओल्या केसांची घालू नकोस. ओला केस ताणला जातो, पटकन तुटतो.

वेणी लांब लोंबती सोडली की शेपटा, गुंडाळून आकड्यांनी बसवली की अंबाडा, घाईत बांधला तो बुचडा. खोपाही अंबाड्याचाच प्रकार. सुगरण पक्ष्याच्या विणलेल्या घरट्यालाही खोपाच म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो.

‘वेणी’ या शब्दात आणखी एक गोंधळ होऊ शकतो: फुलांचीही वेणी असते. गजरा एका दोऱ्यात ओवलेला किंवा बांधलेला, मोगऱ्याचा बहुधा. वेणी मात्र फुलं आडवी रचत गुंफलेली, रुंद आणि चपटी. कोकण-गोव्याकडे अबोलीची वेणी केळीच्या सोपटाच्या धाग्याने बांधतात. अबोलीला वास नसतो, पण दिवसभर रंग धरून राहते.

आता क्रियापदं, कारण आजी तीच सुधारते. घडी घालतात, निऱ्या पाडतात, काष्टा घालतात, पदर खोचतात. केस विंचरतात, भांग पाडतात, वेणी घालतात, गजरा माळतात. ‘करणे’ आजीच्या कानाला यांत कुठेच बसत नाही, पण सवयीने तुला महिन्याभरात जमेल.

आणि स्वयंपाकघरातही हेच हात चालतात: मोदकाला कळ्या पाडायच्या, करंजीला मुरड घालायची. कळ्या एकमेकींत मिसळल्या तर पारीची कड जाड राहिलीय, बोटांना तेल लावून ती आधी पातळ कर.

साडी काढलीस की लगेच घडी घालू नकोस. घाम सुकेपर्यंत सावलीत पसरून ठेव, मग पदर आत घेऊन मलमलच्या कापडात गुंडाळ. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदल, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर चिरतं.

तुझी,
आई