कादंबरीत भावंडांचं नातं वयानुसार कसं बदलत न्यावं?

तुमची अडचण अशी: नायिका ८ वर्षांची असताना कादंबरी सुरू होते, १५व्या वर्षी संपते, पण मोठ्या भावाशी असलेलं नातं एकाच भांडणात फिरतं आणि ते खोटं वाटतं.

आधी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दोघांची वयं लिहून ठेवा. अंतर ४ वर्षांचं असेल तर ते शेवटपर्यंत ४च राहतं, फक्त दरवेळी वेगळं जाणवतं. ८ आणि १२ला दोघं अजून एखादा खेळ एकत्र खेळतात. १० आणि १४ला मित्रांसमोर धाकटी मागेमागे आली की भावाला लाज वाटते. १५ आणि १९ला पुन्हा बरोबरीनं बोलणं जमू लागतं. खरा ताण मधल्या टप्प्यात आहे, म्हणून जास्तीत जास्त पानं मी तिथेच घालवीन.

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये (१९६०) हे फार सुंदर साधलंय. भाऊ जेम हा गोष्ट सांगणाऱ्या धाकट्या बहिणीपेक्षा, स्काउटपेक्षा, ४ वर्षांनी मोठा. १२ वर्षांचा झाल्यावर तो चिडचिडा होतो, एकटा राहू लागतो, आणि घरातली स्वयंपाकीण त्याला ‘मिस्टर जेम’ म्हणू लागते. पुढे कोर्टात एका निरपराध माणसाला दोषी ठरवलेलं दोघं पाहतात. त्यानंतर कधीतरी स्काउट एक किडा चिरडायला जाते. जेम तिला अडवतो, कारण त्या किड्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. स्काउटला वाटतं, हा दिवसेंदिवस मुलीसारखा होत चाललाय. तिचा अंदाज साफ चुकलेला असतो, आणि नेमकं म्हणूनच वाचकाला जेमच्या आत काय चाललंय ते दिसतं. धाकटी कथा सांगत असेल तर तिला भाऊ पूर्ण कळू देऊ नका. दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी समंजस विश्लेषण आलं की प्रसंग तिथेच मरतो.

दोघांच्या रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट घ्या, समजा झोपायची खोली, आणि ती तीनदा आणा. आधी दोघं एकाच खोलीत अंधारात कुजबुजतात. मग तो वेगळ्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. शेवटी ते दार तो स्वतः उघडतो, पण तिलाच आत यायचं नसतं. ‘तू बदललास’ हे वाक्य कुठे आलं असेल तर खोडा. ते खोडल्यावर बदल दिसेनासा झाला, तर प्रसंगच कच्चा आहे असं समजा.

भावाला त्याचं स्वतःचं काहीतरी हवं असू द्या, ज्याचा बहिणीशी संबंध नाही. नाहीतर तो फक्त तिला दुखावण्यापुरता उरतो.

नातं फिरवणारं ते भांडण कादंबरीतून वगळू नका. त्याच्या आधीच्या प्रकरणांत दोन-तीन खुणा पेरा: तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट, न पाळलेला एक शब्द, मित्रांसमोर तिला दिलेलं तुटक उत्तर. भांडणाचं निमित्त मात्र अगदी क्षुल्लक ठेवा.