पक्षाघातानंतर वडिलांचं बोलणं गेलं, पण शिव्या मात्र स्पष्ट येतात. असं कसं? बुद्धीवर परिणाम झालाय का?

वडील नाटक करतायत असं तुमच्या भावाला वाटतं; तसं नाहीये, हे आधी त्याला सांगा. उजवी बाजू लुळी, पाणी मागताना तोंडून 'चावी' निघणं आणि चिडल्यावर मात्र शिवी न अडखळता येणं, हे तुम्ही लिहिलेलं सगळं वाचाघातात (अफेजिया), म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडते तेव्हा, नेहमी दिसतं. मी वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि नाटकाचा संशय बऱ्याच घरांत ऐकते.

उजव्या हाताने कामं करणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांत भाषेचा मुख्य कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असतो. शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो आणि दोन्हींच्या बऱ्याच मोठ्या हिश्शाला एकाच धमनीतून रक्त मिळतं. ती तुंबली की हात आणि भाषा बरोबरच जातात.

आता शिव्यांचं. मनातलं सांगण्यासाठी शब्द शोधून वाक्य जुळवणं वेगळं, आणि भावनेच्या भरात किंवा सवयीने आपोआप बाहेर पडणारं बोलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मेंदूचा उजवा भाग आणि खोलवरचे भागही हातभार लावतात, म्हणून ते अनेकदा वाचतं: शिव्या, एक ते दहा आकडे, वार, पाठ असलेलं गाणं. वडिलांना शांतपणे म्हणा, 'तीच शिवी परत द्या.' बहुधा जमणार नाही. (तसं मुद्दाम करून बघू नका, उगीच चिडतील.)

हे कोडं जुनंच आहे. 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाचा रुग्ण तपासला. अनेक वर्षं तो काहीही विचारलं तरी 'तां' एवढंच म्हणायचा. संतापला की मात्र एक शिवी बाहेर पडायची. तो वारल्यावर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. 1874 मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला: रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो, दुसऱ्याचं समजत नाही आणि पुष्कळदा आपलं चुकतंय हेही त्याला कळत नाही. लबोर्न्यचा मेंदू जपून ठेवलेला आहे. त्याचं एमआरआय करून 2007 मध्ये जे प्रसिद्ध झालं, त्यात इजा ब्रोकांना दिसली त्यापेक्षा बरीच खोल गेलेली निघाली. त्यामुळे 'बोलण्याचं केंद्र इथे, समजण्याचं तिथे' ही क्रमिक पुस्तकातली आकृती मी फार मनावर घेत नाही. प्रत्येक रुग्णाचं काय गेलं आणि काय उरलं, हे तपासूनच कळतं.

बुद्धीबद्दल: भाषा गेली म्हणजे विचार गेला असं नाही. माणसं ओळखणं, रस्ता लक्षात असणं, अपमान झालेला कळणं हे सहसा शाबूत असतं. पण 'त्यांना सगळं समजतं' या तुमच्या वाक्यावरही माझा लगेच विश्वास बसत नाही. ताट पुढे ठेवून 'जेवा' म्हटलं तर ते जेवतील, पण ती समज ताटाची असू शकते. हातवारे न करता, समोर नसलेल्या गोष्टीबद्दल विचारून बघा. घरचे लोक दोन्हीकडे फसतात: कुणी त्यांना वेडं ठरवतं, कुणी सगळं कळतंय असं धरून चालतं.

वही-पेन किंवा अक्षरांचा तक्ता देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण बिघाड जिभेत नाही. लिहिणं-वाचणंही सहसा त्याच आघातात सापडतं. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसांनाही डाव्या मेंदूच्या इजेने वाचाघात होतो, तेव्हा त्यांच्या खुणा चुकतात. मोठ्याने ओरडूही नका, त्यांना ऐकू येतंय. छोटी वाक्यं, एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद, आणि उत्तराला भरपूर वेळ द्या.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, म्हणून वाचा-उपचार लांबवू नका. पुढेही, अगदी वर्षांनंतरही, थोडीफार होत राहते.

आणखी एक. 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल या आजारात सर्रास होते. कागदावर सही किंवा उपचाराला संमती घ्यायची असेल, तर एका 'हो'वर जाऊ नका. तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारा. दोन्हींना 'हो' आलं, तर ते उत्तर धरू नका.