खाजगी क्लबच्या जागेचं झोनिंग (म्हणजे तिथे काय आणि किती उंच बांधता येईल याचा नियम) कौन्सिलने एकदा बदललं की विषय संपतो का?

सगळीकडे सारखं नाही. तुम्ही विचारलंय की नगरसेवकांनी बहुमताने ठराव पास केल्यावर सामान्य माणसाच्या हातात काय उरतं. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहतो, तिथे नेमकं हेच घडलं आणि लोकांनी ठराव उलटवला, म्हणून तेच सांगतो.

फेरी बिल्डिंगकडून एम्बार्कडेरो रस्त्याने उत्तरेला चालायला लागलं की उजवीकडे खाडी, डावीकडे आधी एक रटाळ पार्किंग लॉट आणि मग उंच जाळीचं कुंपण, त्यावर हिरवं कापड, आतून टेनिसच्या बॉलचा टक टक आवाज. मेंबर नसाल तर बाहेरूनच ऐकायचं. हा तेव्हाचा गोल्डन गेटवे टेनिस अँड स्विम क्लब. पार्किंग लॉट शहराच्या पोर्टचा (बंदर खात्याचा), आणि दोन्ही मिळून साधारण सव्वातीन एकर जागा. एका डेव्हलपरला तिथे १३४ आलिशान फ्लॅट बांधायचे होते, प्रोजेक्टचं नाव पत्त्यावरूनच, ८ वॉशिंग्टन.

अडचण अशी की तिथे उंचीची मर्यादा ८४ फूट होती आणि त्यांना काही भागात ९२ आणि काही भागात १३६ फूट हवी होती. म्हणजे वाद क्लब राहणार की जाणार असा दिसत असला तरी खरं भांडण या आकड्यावर होतं. जून २०१२ मध्ये बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्सने (इथली महानगरपालिकाच समजा, ११ मेंबर) ८ विरुद्ध ३ ने मंजुरी दिली, मेयर एड ली पण बाजूने. इथेच सगळं संपायला हवं होतं, पण कॅलिफोर्नियात असा ठराव झाला की ठरावीक मुदतीत पुरेशा सह्या जमवून तो थेट मतदानाला नेता येतो. विरोधकांनी ३० हजारांच्या वर सह्या आणल्या, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये साधारण ६७ टक्के लोकांनी उंची वाढवायला नाही म्हटलं. डेव्हलपरने स्वतःचाही एक वेगळा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर टाकला होता, तोही पडला.

मजा म्हणजे दोन्ही बाजू 'पब्लिक'च्याच नावाने भांडत होत्या. डेव्हलपर म्हणे कुंपण घातलेला खाजगी क्लब आणि डांबराचा लॉट काढून आम्ही किनारा खुला करतोय, बाग देतोय. विरोधक म्हणे किनाऱ्यावर भिंत नको, आणि त्यांच्यात माजी मेयर आर्ट ॲग्नोस होते, ज्यांनी १९८९ च्या भूकंपानंतर याच रस्त्यावरचा दुमजली फ्रीवे पाडायला लावला होता, त्यामुळे लोकांना ते पटलं. पण हेही सांगायला हवं की प्रचाराला मोठा पैसा जवळच राहणाऱ्या सधन लोकांनी दिला, ज्यांच्या खिडकीतली खाडी झाकली जाणार होती. मला विचाराल तर मी निकालावर अर्धाच खूश आहे. भिंत टळली हे बरंच झालं, पण कुंपण आहे तिथेच आहे आणि पार्किंग लॉटपण. पुढे जून २०१४ मध्ये लोकांनी असंही मतदान केलं की पोर्टच्या जमिनीवर उंचीची मर्यादा वाढवायची तर आधी आम्हाला विचारा.

आपल्याकडे महाराष्ट्रात सह्या करून ठराव रद्द करायची सोय नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचंच बघा ना, तो चालवणाऱ्या क्लबचं लीज २०१३ लाच संपलं होतं, आणि २०२४ मध्ये १२० एकर बीएमसीच्या पार्कला आणि ९१ एकर क्लबला असं ठरलं, तेव्हा क्लबच्या मेंबरांनी मतदान केलं, पण मुंबईत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या हातात.

त्यामुळे तुमच्या शहरात क्लबच्या प्लॉटचं आरक्षण किंवा झोन बदलायचा प्रस्ताव आला असेल तर सभागृहातल्या भाषणांपेक्षा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ ची नोटीस शोधा, ती राजपत्रात येते. त्यावर हरकती-सूचना द्यायला एक महिना मिळतो. फेसबुकवर लिहून काही होत नाही, लेखी हरकत द्या, आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घ्या, सुनावणीला बोलवा असं त्यातच लिहा. आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) नि उंची किती वाढतेय ते आधी वाचा, गार्डनचं रंगीत चित्र नंतर.