खाटेवरचा मका

"जायचं मलाच होतं ताई. कुणी ढकललं नाही. मग आता घरात सगळ्यांवर का खेकसतोय मी? मला मनातून जायचंच नाही, असं तर नाही ना?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी शहाद्यात बसून दरवर्षी ऐकते. पुण्याला नोकरी लागलेली मुलगी विचारते, भरतीत निवड झालेला मुलगा विचारतो, लग्न ठरलेल्या मुली तर हमखास विचारतात. निघायची तारीख जवळ आली की माणूस घरात विचित्र वागायला लागतो. कालपर्यंत गोड लागणारी भाकर त्याला करपलेली लागते. भावाचं बोलणं टोचतं, गावाची धूळ दिसायला लागते. तो स्वतः म्हणतो, माझा निर्णयच चुकला बहुतेक. घरचे म्हणतात, पोरगं आत्तापासूनच माजलं. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. त्याची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात सगळ्यात लहान म्हणून इथे त्याला धाकटाच म्हणते.

धाकटा नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातला, नर्मदाकाठचा पावरा आदिवासी मुलगा. काठ हा शब्द आता सवयीनं वापरायचा. २०१९च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरण पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. त्या वर्षी त्यांची टेकडी मागच्या डोंगराला जोडणारी शेवटची सखल पट्टीही पाण्याखाली गेली. तेव्हापासून ते बेट आहे. वर मोजकी घरं, मक्याचे नि ज्वारीचे उताराचे तुकडे, थोडी आंब्याची झाडं, आणि चारही बाजूंना स्तब्ध हिरवं पाणी. बाजाराला जायचं तर होडी, दाखला काढायचा तर होडी, ताप आला तर तरंगता दवाखाना येण्याची वाट बघायची. बाहेरच्याला हे हाल वाटतील, आणि हाल आहेतच. पण धाकटा त्या जागेबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज बदलायचा. पहाटे पाण्यावरचं धुकं उठताना समोरचा डोंगर पायथ्याऐवजी आधी माथ्यापासून दिसायला लागतो, हे त्यानं मला हातानं हवेत काढून दाखवलं होतं.

पोहायला तो त्याच पाण्यात शिकला. पुढे गोव्यात हॉटेलात कामाला गेला, तिथून किनाऱ्यावरच्या सर्फिंग शाळेत फळ्या उचलायच्या कामाला लागला. फळ्या उचलता उचलता लाटेवर उभा राहायला शिकला. कर्नाटकातल्या मुळकीला जाऊन आणखी शिकला, जीवरक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं, प्रशिक्षकाचं घेतलं. आणि आता मालदीवमधल्या एका रिसॉर्टनं त्याला पाहुण्यांना लाटांवर नेण्यासाठी सहायक म्हणून बोलावलं होतं. तिथला लाटांचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. एप्रिलच्या अखेरीस रुजू व्हायचं होतं. माझ्याकडे तो जानेवारीत आला.

भांडण कशावरून झालं? खाटेवरून. एका संध्याकाळी तो घरी आला तर त्याच्या खाटेवर आईनं मक्याची कणसं पसरली होती. तो ओरडला, "मी अजून गेलो नाही!" मग तोंडाला येईल ते बोलला. इथं आहे काय, वीज नाही, रेंज नाही, चारी बाजूंना पाणी, माणसं राहतात का इथं. आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली की पाण्यानं जमीन नेली, आता पोरगाही पाणीच नेतंय. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

"आठ दिवस खाटेवर झोपलो नाही मी," धाकटा म्हणाला. "कणसं तशीच होती. खाली झोपलो."

त्याचं दुःख स्वाभाविक आहे, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं. ते खरं असलं तरी त्याच्या कामाचं नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. त्याला दिलासा नको होता, काय चाललंय ते समजून हवं होतं. दुसऱ्या भेटीत मी नीट सांगितलं.

जी जागा आपल्याला प्रिय आहे ती सोडणं फार जड जातं. जी आधीच वाईट ठरवली ती सोडणं सोपं. म्हणून मन आपल्या नकळत घराची निंदा करायला लागतं. केळीचा घड उतरवताना आधी खोडाला कोयता मारून ते वाकवतात, तसं. त्याचा राग आईवर नव्हता आणि बेटावर तर नव्हताच. वीज नसण्याचा त्रास त्याला चोवीस वर्षांत झाला नव्हता, तो नेमका तिकीट ठरल्यावर सुरू झाला. हे तारखांवरून त्याचं त्यालाच दिसलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

आणि आई? तिच्या बाजूनं वेगळीच गोष्ट चालली होती. एरिक लिंडेमन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. १९४२ साली बोस्टनमधल्या एका नाइटक्लबला भीषण आग लागली. त्यात वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलून त्यांनी १९४४ मध्ये शोकाबद्दल एक निबंध लिहिला. त्यात युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या बायकांचाही उल्लेख आहे. नवरा मेला तर काय, या भीतीनं काहींनी त्याच्यासाठी आधीच इतकं रडून घेतलं होतं, मनातली त्याची जागा इतकी पुसून टाकली होती, की तो जिवंत परत आला तेव्हा त्याला घरात जागाच उरली नव्हती. ज्याचं जाणं सहन होणार नाही त्याला माणूस आधीच मनातून पाठवून देतो.

खाटेवरचा मका हा तोच प्रकार होता. आई त्याला हाकलत नव्हती. रिकामी खाट बघावी लागू नये म्हणून ती आत्तापासूनच भरून टाकत होती. मुलगा घर वाईट ठरवून निघत होता आणि आई मुलाला आधीच गेलेला धरत होती. दोघंही एकाच दुखण्यापासून पळत होते, फक्त उलट दिशांना.

हे ऐकून धाकटा म्हणाला, "मग आता करू काय? माफी मागू?"

मी म्हटलं, मागायची असेल तर माग, पण तुझ्या घरात माफी शब्दांनी मागतात का? तो हसला. नाही, म्हणाला. आमच्यात रुसलेल्याच्या कामात हात घालतात.

डेव्हिड पोलॉक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं देश बदलणाऱ्या कुटुंबांसोबत पुष्कळ काम केलं. निघणाऱ्यानं राहिलेले तंटे मिटवावेत, ज्यांनी आपल्यासाठी केलं त्यांना ते बोलून दाखवावं, माणसांचा आणि जागांचाही निरोप घ्यावा, आणि पुढच्या मुक्कामाचा डोळे उघडे ठेवून विचार करावा, असं त्याचं सांगणं. या चारांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की तराफा या अर्थाचा शब्द होतो. मी हे सांगितल्यावर धाकटा म्हणाला, "तराफ्याचा बांबू ओला चालत नाही ताई. सुकवावा लागतो. तीन महिने आहेत, सुकेल."

पुढच्या मुक्कामाचं काम आम्ही लवकर उरकलं, कारण ते कागदाचं होतं. पर्यटक म्हणून मालदीवला जाऊन नोकरी करता येत नाही, कामाचा परवाना मालकानं काढावा लागतो. तो निघालाय का, करारावर पगार, सुट्टी आणि परतीचं तिकीट लिहिलंय का, पासपोर्ट स्वतःजवळ राहणार का, हे त्यानं एकेक विचारून घेतलं. कराराच्या दोन प्रती काढल्या, एक घरी पत्र्याच्या पेटीत ठेवली. समुद्राची त्याची समज माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. गोव्याला खाली वाळू असते, पडलं तर चालतं. तिथं लाट प्रवाळाच्या खडकावर फुटते, ओहोटीला वर पाणी कमी राहतं, आडवंतिडवं पडलं तर अंग सोलून निघतं. हे तो भीती म्हणून सांगत नव्हता, अभ्यास म्हणून सांगत होता. एकाच गोष्टीनं तो हबकला होता. सुमारे बाराशे बेटांच्या त्या देशात सर्वांत उंच जागाही समुद्रापासून जेमतेम काही मीटरच वर आहे. अस्तंभ्याच्या डोंगराखाली वाढलेल्या मुलाला चहूकडे बघून डोंगरच दिसणार नाही, ही कल्पना सहन होईना. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. डोंगराची आठवण येणार, आली की ती डोंगराचीच आहे हे ओळख, नोकरी वाईट आहे असं समजू नकोस, इतकंच मी सांगितलं.

फोनचं मात्र आम्ही बारकाईनं ठरवलं, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते. निघताना भरात "रोज फोन करीन" असं वचन देऊ नका. ते चौथ्या दिवशी मोडतं आणि पाचव्या दिवशी घरात रडारड होते. त्यांच्या बेटावर तर रेंजच नाही. पलीकडच्या डोंगरावर एका मोहाखाली ती येते, तिथं जायला आधी होडी आणि मग चढ. म्हणून ठरलं की आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी वडील धडगावला येतील तेव्हा बोलायचं. पावसाळ्यात वडील येऊ शकले नाहीत तर त्याचा अर्थ पाऊस आहे, इतकाच घ्यायचा.

आईच्या कामात हात घालायची संधी एप्रिलमध्ये आली. कैऱ्या उतरल्या. त्या भागात कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात आणि आमचूर विकतात. धाकटा आठ दिवस तिच्या शेजारी बसून फोडी करत राहिला. पाचव्या दिवशी म्हणे आईनं त्याच्या हातातली फोड उचलून बघितली आणि "जाड करतोस" असं सांगितलं. मला हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. रुसवा सुटत आल्याचा तो पहिला शब्द होता.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते वडिलांच्या होडीनं. जागांचा निरोप घे, असं मी धाकट्याला सांगितलं होतं. वडिलांना घेऊन बेटाभोवती एक फेरी मार, ते जे दाखवतील ते बघ. एप्रिलमध्ये धरणाचं पाणी बरंच उतरलेलं असतं, गाळातून जुनी जमीन वर येते. मला वाटलं होतं, मुलगा निरोप घेईल.

झालं वेगळंच. वडिलांनी होडी मध्यावर नेऊन थांबवली आणि खाली बोट दाखवलं. इथं आपलं पहिलं घर. तिकडं तुझ्या आजोबांचा मोह, त्याचं खोड अजून आहे. हा ओहोळ, इथं तुझी मोठी बहीण पहिल्यांदा चालली. पाण्याखालचं सगळं गाव त्यांना पाठ होतं. त्या बाजूची घरं सागाच्या खांबांची आणि कुडाच्या भिंतींची असतात, सोडवून दुसरीकडे उभी करता येतात. वडिलांनी दोनदा खांब उपटून घर वर चढवलं होतं. दोन्ही वेळा पाणी मागे लागलेलं, घाई, गुरं, दाणे, पोरं. मागे वळून बघायला वेळ नव्हता. मुलानं विचारलं, तेव्हा तुम्ही रडलात का? ते म्हणाले, "रडायला उभं राहावं लागतं."

त्या दिवशी ते उभे राहिले. होडीतच. मोहाच्या त्या खोडापाशी होडी लावून त्यांनी त्यावर पाणी घातलं, काहीतरी पुटपुटले, आणि मुलाच्या खांद्याला धरून बराच वेळ तसेच राहिले.

नंतर धडगावच्या बाजारात आम्ही चौघं एका टपरीमागे बसलो. आईला मराठी कळतं, बोलते ती पावरीत, धाकटा सांगत होता. मी तिला सैनिकांच्या बायकांची गोष्ट साध्या शब्दांत सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग वडील म्हणाले, आणि हे वाक्य मी त्यांचंच लिहिते: "आम्हाला पाण्यानं काढलं. हा आपल्या पायानं चाललाय. दोन्ही एक नाही." आईनं पदर सारखा केला आणि भाव करायला उठून गेली.

धाकटा एप्रिलच्या शेवटी गेला. पिशवीत आमचुराची पुडी होती. आई होडीपर्यंत आली, होडीत बसली नाही.

जूनमध्ये त्याचा मला फोन आला. ठीक होता. तळपायाला प्रवाळ कापलं होतं, भरत आलं होतं. डोंगराची आठवण संध्याकाळी येते म्हणाला, आणि ती डोंगराचीच असते. मग विचारलं, ऑक्टोबरात सुट्टी मिळेल, घरी आधी सांगू की अचानक जाऊ? मी म्हटलं, आधी सांग. तारीख सांग, तिला तयारी करायला वेळ दे.

पुढच्या बाजारी त्यानं वडिलांना तारीख सांगितली. वडिलांनी ती आईला सांगितली. त्यानंतरच्या बाजारी वडिलांनी त्याला सांगितलं की या वर्षीचा मका निघाला की आई कणसं वर आढ्याला टांगणार आहे. आणि पावसात खाटेची दोरी सैल झाली म्हणून तिनं ती स्वतः ताणून बांधली.