चौथीला ‘आदिवासी जीवन’ शिकवताय? आधी मोहाच्या झाडाखाली जा

मॅडम, तुम्ही नव्याने गडचिरोलीत रुजू झालात म्हणून सांगते. तारपा (वारली लोकांचं फुंकून वाजवायचं वाद्य), वारली चित्रं, पिसांचा मुकुट असा तक्ता वर्गात लावू नका. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं इथल्या माडिया-गोंड या आदिवासी समाजाची आहेत. त्यांना त्या तक्त्यात आपलं घर दिसत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मुलांसोबत मोहाखाली जा. फुलं रात्रभर गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. त्या दिवसांत हजेरी का घटते, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला ओलं फूल आणि अंगणात वाळवलेलं फूल शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं होतं: एक पिवळट, रसाळ, दुसरं तपकिरी, मनुक्यासारखं सुरकुतलेलं. मग तीच म्हणाली, “वाळलं तर पावसाळ्यात पुरते.” तो माझा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला पाठ होता, आणि तो मी शिकवलाच नव्हता.

मे महिन्यातला तेंदूपत्ता, म्हणजे बिडीसाठी तोडायची पानं, गणितात घ्या: ७० पानांचा एक पुडा, तर घरच्यांनी बांधलेल्या पुड्यांत मिळून किती पानं?

एक मात्र जपा. ‘जंगल आहे म्हणून ते असे राहतात’ एवढ्यावर थांबू नका. माणसंही जंगल राखतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून आपलं जंगल राखायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली, हे मुलांना जरूर सांगा. आणि झाडांची माडिया नावं फळ्यावर मुलांनाच लिहू द्या.